सामायिक डिस्क आणि गणपूर्तीचा नियम

एखादे यंत्र बंद पडले तरी काम खोळंबू नये, या गरजेतून अमेरिकेतील संगणक उद्योगात दोन भिन्न विचार रुजले. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या टँडम कंपनीने प्रत्येक प्रोसेसरला स्वतंत्र मेमरी देऊन एकाचे काम दुसऱ्याकडे सोपवण्याची व्यवस्था केली. तर मॅसॅच्युसेट्समधील मेनार्ड येथे लोकरीच्या जुन्या गिरणीत कारभार थाटलेल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या व्हॅक्सक्लस्टर या संगणकसमूहात अनेक संगणकांना एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची मुभा दिली. दुसरा मार्ग अधिक धाडसी होता, कारण डेटा सामायिक झाला की तो नासवण्याची संधीही सामायिक होते.

व्हॅक्सक्लस्टरमधील संगणक आणि एचएससी-५० हे डिस्क नियंत्रक स्टार कप्लर नावाच्या मध्यवर्ती पेटीला जोडले जात. या पेटीला विजेची गरजच नसल्यामुळे वीजपुरवठा बिघडून ती बंद पडण्याचा प्रश्न उद्भवत नसे. शिवाय तिच्याकडे जाणारे मार्ग दुहेरी असत आणि डिस्कही दोन नियंत्रकांना जोडता येई. लिहिण्याची शिस्त मात्र सॉफ्टवेअरलाच लावावी लागली. डिजिटलच्याच व्हीएमएस या कार्यप्रणालीच्या १९८४ मधील ४.० आवृत्तीत वितरित लॉक मॅनेजर, म्हणजे कोणत्या फाइलीवर कोणाचा कोणता हक्क आहे याची नोंद सर्व सदस्यांत वाटून ठेवणारी यंत्रणा, हे काम करू लागली.

खरा पेच संगणक पूर्ण बंद पडल्यावर नव्हे, तर दोन संगणक चालू असताना त्यांच्यातील संपर्क तुटल्यावर येतो, कारण अशा वेळी प्रत्येक जण दुसऱ्याला मृत समजून डिस्कचा ताबा घेऊ पाहतो. यावर गणपूर्तीचा नियम योजला गेला: प्रत्येक सदस्याला मते द्यायची, अपेक्षित मतांत दोन मिळवून बेरजेला दोनाने भागायचे आणि अपूर्णांक सोडून जो आकडा उरेल तेवढी मते नसलेल्या गटाने काम थांबवायचे. एकेका मताच्या दोन संगणकांना या हिशेबाने दोन मते लागतात, म्हणजे एक गेला की धडधाकट राहिलेलाही अडकून पडतो. म्हणून तिसरे मत एका डिस्कला देण्यात आले आणि त्या डिस्कवरील एका लहानशा फाइलीवर क्लस्टरचे अस्तित्व अवलंबून राहू लागले. अखंड सेवेसाठी उभारलेल्या रचनेने शंका येताच थांबणे पसंत करावे, हे वरवर विसंगत वाटले तरी त्यातच तिची प्रगल्भता होती.

व्हीएमएसच्या प्रमुख रचनाकारांपैकी डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली पुढे विंडोज एनटी घडली; परंतु तिच्यासाठी १९९७ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट क्लस्टर सर्व्हरने दोनच संगणकांवर भागवले आणि एका वेळी एका डिस्कची मालकी एकाकडेच ठेवली, हे एक प्रकारे मागे घेतलेले पाऊलच होय. लिनक्सच्या जगात फेन्सिंगला, म्हणजे संशयित सदस्याला डिस्कपासून बळाने तोडण्याला, महत्त्व आले. त्यासाठी त्या संगणकाची वीजच दुसऱ्याने दुरून तोडण्याची पद्धत रूढ झाली आणि फेन्सिंग बंद ठेवलेल्या क्लस्टरची जबाबदारी लिनक्स पुरवणारी रेड हॅट कंपनी घेत नाही.