‘टिकाऊ दाखवा’ : बैलगाडीच्या धावेपासून पिकअपच्या टायरपर्यंत

विषय वाचून काही जण हसले असतील. इतिहासाच्या व्याख्यानात टायर कुठून आला? पण भोसरीत बसून टायरबद्दल बोलायचं नाही तर कुठे बोलायचं? बाहेर नाशिक रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहा. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, जुनी २०७, एकामागून एक जाताना दिसतील. कुणाच्या मागे कास्टिंग, कुणाच्या मागे प्लेटिंगला निघालेले जॉब, कुणाच्या मागे मंचर-नारायणगावचे टोमॅटोचे क्रेट. एमआयडीसीतल्या लहान शॉपचा माल चाकणच्या मोठ्या कंपनीत पोचतो तो या गाड्यांमुळे. आणि या प्रत्येक गाडीच्या मालकाला अधूनमधून टायरच्या दुकानाची पायरी चढावी लागते. तिथे तो एकच वाक्य बोलतो, “टिकाऊ दाखवा.”

आज मला या टिकाऊ शब्दाचा इतिहास सांगायचाय. शब्द शंभर वर्षं तोच आहे, पण त्याचा अर्थ गाडीबरोबर बदलत गेला. जुन्या गाडीचा अर्थ मनात धरून आपण नव्या गाडीचे टायर घेतो, आणि त्याची किंमत पावसात, घाटात मोजावी लागते.

सुरुवात बैलगाडीपासून करू. लाकडी चाकावर लोखंडी पट्टा असायचा, त्याला आपण धाव म्हणतो. लोहार धाव तापवून लाल करायचा, चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की आरे, पुट्ठे सगळं आवळून बसायचं. टिकाऊपणाच म्हणाल तर धावेला तोड नाही. पण ती रस्ता खायची. कच्च्या वाटेवर धावेने जी खोल रेघ पडते ती चाकोरी. ‘चाकोरीबाहेरचा विचार’ असं आपण भाषणात म्हणतो ना, ती चाकोरी मुळात ही. म्हणजे चाक टिकायचं आणि झीज रस्त्याच्या वाट्याला यायची. मालकाचा खर्च वाचायचा तो गावाच्या अंगावर पडायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रबराची गोष्ट थोडक्यात सांगतो, ती सगळ्यांना माहीत असते. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर पक्कं करायची युक्ती शोधली, रॉबर्ट थॉमसनने १८४०च्या दशकात हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, पण त्याचा कुणाला उपयोग सुचला नाही. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉपने तेच पुन्हा केलं आणि ते चाललं. डनलॉपचा भारतातला कारखाना १९३६ मध्ये बंगालात साहागंजला आला. आपल्याकडे मुंबईत शिवडीला फायरस्टोन होती, आणि १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सिएटचा कारखाना भांडुपला उभा राहिला.

बैलगाडीलाही रबरी टायर आले. साखर कारखान्यांच्या भागात ऊसतोडीत आजही ‘टायर सेंटर’ आणि ‘गाडी सेंटर’ असे शब्द चालतात. धावेच्या गाडीपेक्षा टायरगाडी जास्त ऊस ओढते, बैलाचा जीव कमी जातो. नवं चाक आलं की त्यावरचं ओझंही लगेच वाढतं, हे आपल्याकडचं जुनं सूत्र आहे.

आता टिकाऊपणाचा दुसरा अर्थ बघू. १ जून १९४८ ला पुणे ते नगर पहिली एसटी धावली. पुढे दापोडीला, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर, एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा झाली. त्या काळी टायर ही दुर्मीळ वस्तू होती. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला तेव्हा जगाचा रबराचा मोठा पुरवठाच तुटला होता, आणि नवा टायर मिळणं म्हणजे काय याची आठवण त्या पिढीच्या अंगात मुरली होती. म्हणून टायर एकदा झिजला की फेकायचा नाही, त्यावर नवं रबर चढवायचं. यालाच रिट्रेडिंग, आपल्या बोलीत रिमोल्ड. आज जगात नाव असलेली एमआरएफसुद्धा १९५२ मध्ये टायर करत नव्हती, ती रिट्रेडिंगला लागणारं रबर करायची. एसटीने तर स्वतःचेच टायर पुनःस्तरण कारखाने काढले, राज्यभर नऊ.

या व्यवस्थेत टिकाऊ टायर म्हणजे कोणता? ज्याचा सांगाडा मजबूत, तो. वरची नक्षी झिजली तरी चालेल, आत नायलॉनच्या धाग्यांचे थर भक्कम हवेत, म्हणजे रिमोल्ड पुन्हा पुन्हा बसेल. आणि हे चाललं, कारण मागे माणसं होती. डेपोत टायर विभाग असतो, प्रत्येक टायरला नंबर असतो, कुठल्या बसवर किती किलोमीटर झाला याची नोंद असते. नवा टायर पुढच्या चाकाला, रिमोल्ड मागच्या जोडचाकांना, ही जुनी रीत. १९६७ मध्ये इथे भोसरीतच नाशिक रस्त्यावर सीआयआरटी, म्हणजे केंद्रीय रस्ता परिवहन संस्था सुरू झाली. देशभरच्या एसटी महामंडळांचं प्रशिक्षण आणि वाहनाच्या सुट्या भागांच्या चाचण्या हे तिचं काम. आपल्यातले किती जण रोज तिच्या फाटकावरून जातात, आत काय चालतं याचा पत्ता नसतो.

म्हणजे टिकाऊपणा एकट्या टायरमध्ये नव्हता, टायर आणि त्याची वही मिळून तो होता.

आता गाडी बदलते. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्या दशकात टेल्को पिंपरीला आली, आकुर्डीला बजाज टेम्पो. हॅन्सीट नावाची तीन चाकी गाडी ते जर्मन सहकार्याने करत. कंपनीच्या नावातला टेम्पो मराठीत इतका रुजला की आज टाटाच्या गाडीलाही आपण टेम्पोच म्हणतो. त्यानंतर मॅटॅडोर, मग १९८६ ला ४०७. या ४०७ची मागची चाकं आठवा. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. एक टायर फुटला तरी शेजारचा गाडी तोलून धरतो, ड्रायव्हर कडेला घेतो, शिव्या देत जॅक लावतो.

१९८८ मध्ये टाटामोबाइल आली, आणि २००५ मध्ये एस, आपला छोटा हत्ती. त्याची मागची चाकं बघा, एकेरी. मधल्या काळात सगळ्यात मोठा बदल कुठला असं मला कुणी विचारलं, तर इंजिनाच्या आधी मी हे सांगेन. सहाची चार चाकं झाली, आणि फुटल्यावर सावरणारा शेजारी गेला. शिवाय छोट्या हत्तीचं चाक १२ इंची. ४०७च्या १६ इंची चाकाच्या तुलनेत ते एका किलोमीटरला साधारण दीडपट फेऱ्या मारतं. तितक्या वेळा वाकतं, तितक्या वेळा तापतं. वही ठेवणारा टायर विभागही नाही. मालक, ड्रायव्हर, हमाल आणि टायर विभाग, सगळं एकच माणूस. रिमोल्डचं गणितही इथे तसं बसत नाही, कारण लहान टायरमध्ये नव्याच्या आणि रिमोल्डच्या किमतीतलं अंतरच लहान.

तरी दुकानातलं वाक्य तेच राहिलं, “टिकाऊ दाखवा.” आणि मनातला अर्थ ४०७चा, जाड, कडक, ओझं उचलणारा.

मिशलॅनने रेडियल टायरचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं. आपल्याकडे जेके टायरने १९७७ मध्ये रेडियल आणला. फरक साधा आहे. जुन्या नायलॉन टायरमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून जातात. चाक फिरताना ते एकमेकांवर घासतात आणि आतून गरम होतात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, वरून पोलादी पट्टा असतो. बाजू मऊ, तळवा ताठ. तो कमी तापतो, सारखा झिजतो, डिझेल कमी खातो. मग लोक वर्षानुवर्षं नायलॉनला का चिकटून राहिले? अडाणी होते म्हणून नाही. खड्ड्याच्या धारदार कडेवर रेडियलची बाजू लवकर कापली जायची, आणि ओव्हरलोड तर ठरलेलाच. त्यांच्या रस्त्यावर त्यांचा हिशेब बरोबर होता. रस्ते सुधारले, वेग वाढला, तसा तो हिशेब उलटला.

ओव्हरलोडबद्दल आपल्या पट्ट्याची एक खास अडचण सांगतो. कांदा, कोबी भरला की गाडी भरलेली दिसते. लोखंड भरलं की दिसत नाही. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर उंच असा पोलादाचा ठोकळा घ्या. वजन जवळजवळ एक टन. छोट्या हत्तीची क्षमता पाऊण टनाची, म्हणजे हौदाच्या कोपऱ्यात एक ठोकळा ठेवला, बाकी हौदात क्रिकेट खेळता येईल, आणि गाडी ओव्हरलोड! भोसरीतला सुपरवायझर म्हणतो, “अजून जागा आहे की.” जागा हौदात आहे हो, टायरमध्ये नाही.

टायरमध्ये किती जागा आहे हे टायरवरच लिहिलेलं असतं. समजा ‘१९५ आर १५ सी १०६/१०४ आर’ असं आहे. १९५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, आर म्हणजे रेडियल, १५ इंची रिम, सी म्हणजे मालवाहू. १०६ हा भाराचा आकडा, तक्त्यात त्याचा अर्थ एका टायरला ९५० किलो. तिरक्या रेघेनंतरचा १०४ जोडचाकांसाठी, ९०० किलो. पिकअपला पहिला आकडा बघायचा. शेवटचा आर वेगाचा. नक्षी, ब्रँड, पाहुण्याने सांगितलेला अनुभव, सगळं या आकड्यानंतर. रिम तीच आहे म्हणून कारचा वापरलेला टायर पिकअपला चढवतात, तिथे नेमका हाच आकडा कमी असतो. स्वस्तात मिळतो खरा. धाव जशी रस्ता खायची, तसा हा सौदा कुणाच्या तरी जिवावर जातो, आणि तो कुणी तरी बऱ्याचदा स्वतः ड्रायव्हरच असतो.

आता ‘ऑल सीझन’. हा शब्द अमेरिकेचा. तिथे हिवाळ्यात बर्फासाठी वेगळे टायर, उन्हाळ्यात वेगळे, ही कटकट नको म्हणून १९७७ मध्ये गुडइयरने टिएम्पो नावाचा बारमाही टायर काढला आणि तो प्रकार लोकप्रिय झाला. टायरवर एम आणि एस ही रोमन अक्षरं दिसली तर त्याचा अर्थ चिखल आणि बर्फ. आपल्याला बर्फाचं काय देणंघेणं? आपले सीझन तीन, एप्रिल-मेचा तापलेला रस्ता, जून ते सप्टेंबरचा पाऊस, आणि शेतातला काळा चिखल. आणि हे तीनही एकाच दिवसात भेटतात. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, लोणावळ्यात ४००० च्या वर. चाकणहून कोरड्या रस्त्याने निघालेली गाडी दीड-दोन तासांत धुक्यात आणि पाण्यात असते. माळशेजकडे जाणाऱ्यांनाही हे सांगायला नको.

जुन्या ड्रायव्हरनी यावर उत्तर शोधलं होतं, पुढे रिब, मागे लग. रिब म्हणजे लांब सरळ खाचा, स्टिअरिंगला हलकं, पाणी बाहेर काढायला चांगलं. लग म्हणजे आडवे जाड गुटके, चिखलात ओढ चांगली, पण ओल्या डांबरावर पकड कमी आणि आवाज जास्त. मळ्यातून माल भरणाऱ्याला मागे लग लागतोच. पण ज्याची गाडी भोसरी ते चाकण सोडून मातीत उतरत नाही, त्याने ‘मजबूत दिसतो’ म्हणून लग घेणं मला पटत नाही. त्याला सरळ खोल खाचांचा, मालवाहू वर्गाचा रेडियल पुरे. दोन्हीकडे जाणाऱ्याने मधली नक्षी, सेमी-लग, घ्यावी.

खरी ओढाताण रबरातच आहे. कडक रबर किलोमीटर जास्त देतं, ओल्यात घसरतं. पकडणारं रबर लवकर झिजतं. सिलिका मिसळून हे अंतर कमी झालं, पण संपलं नाही. आपण दुकानात फक्त किलोमीटर विचारतो, तेव्हा दुकानदार कडक रबर देतो, त्याची काय चूक? ओल्या रस्त्यावरची पकड कुणी विचारतच नव्हतं. ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरना ओली पकड, घर्षणरोध आणि आवाज यांच्या कसोट्या आपल्याकडे लागू झाल्या, म्हणजे सरकारने तो प्रश्न आपल्या वतीने विचारला म्हणायचं. खाच किमान १.६ मिलिमीटर हवी हा नियम त्याच्या कितीतरी आधीचा. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर आरटीओने झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना तो पहिल्यांदा कळला. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात १.६ पर्यंत थांबू नये, ३ मिलिमीटरला आलेले टायर मे महिन्यातच बदलावेत.

पावसात भरलेल्या पिकअपपेक्षा रिकामी पिकअप जास्त दगा देते, हेही सांगून ठेवतो. माल वाशीला उतरवला, मागच्या चाकात हवा भरल्या गाडीची, वर वजन काहीच नाही. टायर फुगून मधल्या पट्टीवरच टेकतो, आणि घाटातल्या ओल्या वळणावर ब्रेक मारला की मागचा भाग पुढे यायला बघतो. टायर नवा असला तरी.

राहिली स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्याचा, तिथे १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला सुरुवात झाली. तिकडे तो शब्द विसरले, आपण सांभाळला. पण स्टेपनी मात्र आपण सांभाळत नाही. न चालताही रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार नवे टायर घेताना तोही बघा आणि हौदाखाली लटकलेल्या पाचव्याचाही बघा. अनेकांच्या गाडीला तो कंपनीतून आला तेव्हाचाच असतो. बरं, आता प्रश्न घेऊ.