आरंभाचे कथन

इतिहासात आरंभ सापडतो, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात तो पुष्कळदा रचला जातो. उपलब्ध पुराव्यांपैकी सर्वांत जुना पुरावा म्हणजेच घटनेचा प्रारंभ, असे गृहीत धरले की पुराव्याची मर्यादा घटनेवर लादली जाते. अमेरिका खंडांतील मानवाच्या आगमनाविषयीचे लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

न्यू मेक्सिकोतील फॉल्सम येथे १९२७ साली नामशेष बायसनच्या हाडांत रुतलेले दगडी भाल्याचे टोक आढळले. पुढील दशकात क्लोव्हिसजवळ त्याहून प्राचीन टोके मॅमथच्या हाडांसोबत मिळाली. सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच्या या हत्यारांभोवती एक सुघटित कथानक उभे राहिले : सैबेरियातून आलेले शिकारी, दोन हिमस्तरांमध्ये खुली झालेली वाट आणि दक्षिणेकडे झालेला त्यांचा प्रसार. या कथानकाची सुसंगतीच पुढे त्याच्या सत्यतेची ग्वाही मानली गेली आणि त्यात न बसणारे अवशेष संशयास्पद ठरू लागले.

चिलीतील माँटे व्हर्दे येथे टॉम डिलेहे यांनी १९७७ पासून उत्खनन केले. तेथील लाकडी निवाऱ्यांच्या अवशेषांचा त्यांनी सांगितलेला सुमारे १४,५०० वर्षांचा काळ तज्ज्ञांच्या गटाने स्थळाची पाहणी करून मान्य केला तो १९९७ साली. या विलंबामागे शास्त्रीय दक्षता होती, हे खरे. परंतु रूढ कथानकाची तपासणी तेवढ्या दक्षतेने झाली नव्हती.

२०२१ साली न्यू मेक्सिकोतीलच व्हाइट सँड्स येथील मानवी पाऊलखुणा २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वीच्या असल्याचे प्रसिद्ध झाले. पाणवनस्पतींच्या बियांवर आधारलेले हे कालमापन पाण्यातील जुन्या कार्बनमुळे फुगले असावे, असा आक्षेप निघाला. २०२३ साली परागकण आणि क्वार्ट्झ यांच्या स्वतंत्र मापनांनी तोच काळ दर्शविला. आक्षेपाने येथे कथानकाची राखण केली नाही, पुराव्याची कसोटी कठोर केली.

तथापि, आरंभ जितका मागे तितका गौरव मोठा, हे समीकरणही आरंभाच्या मोहाचेच रूप होय. या फेरविचाराचे महत्त्व अन्यत्र आहे. एका हत्याराच्या घडणीवरून दोन खंडांतील मूलनिवासींच्या भूतकाळाची लांबी दीर्घकाळ ठरविली गेली. ती सीमा हलल्यामुळे आजचा सर्वांत जुना पुरावाही आरंभ न मानता, तूर्त पोहोचलेला टप्पा म्हणून वाचणे भाग आहे.