राक्षसाचें सोंग

अकोल्याहून पश्चिमेस प्रवरेच्या कांठानें वर जाऊं लागलें म्हणजे शेतें लहान होत जातात आणि डोंगर मोठे होत जातात. राजूर मागें पडलें कीं भंडारदऱ्याचा जलाशय लागतो. एका अंगास रतनगड, दुसऱ्या अंगास १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्याचा हा कोपरा मुख्यतः महादेव कोळी व ठाकर लोकांचा. पाऊस उदंड, परंतु पीक भात, नागली, वरई यांपलीकडे फारसें जात नाहीं. अशा या मुलखांत उन्हाळ्यांतील एका रात्रीं दहा तोंडांचा रावण मशालींच्या उजेडांत नाचत येतो, आणि त्याला पाहावयास आसपासच्या वाड्यांतून माणसें लोटतात. या उत्सवाचें नांव बोहाडा. अजस्र प्राण्यांचे व राक्षसांचे चित्रपट पाहण्याची आवड हें पश्चिमेकडून आलेलें खूळ आहे, असें ज्यांना वाटतें त्यांनीं बोहाड्याची एक रात्र अवश्य जागवावी.

नाटकांत पात्र असतें, बोहाड्यांत सोंग असतें. मुखवटा, तो धारण करणारा मनुष्य आणि त्याचा नाच हीं तिन्ही मिळून सोंग होतें. मुखवटा हलक्या लांकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा, आणि त्यावर भडक रंग. प्रथम गणपति येतो, मग सरस्वती. देवांचीं सोंगें चाललीं असतां पेंगणारीं मुलें राक्षसांची पाळी आली कीं उठून बसतात. त्राटिका येते, हिरण्यकशिपु येतो, रावण येतो. संबळाचा ठोका बदलतो, पिपाणीचा सूर चढत जातो. सोंग फारसें बोलत नाहीं. तें चार पावलें पुढें येतें, दोन मागें सरतें, गिरकी घेतें आणि पुन्हां पुढें येतें. सगळी भीति या येण्याच्या चालींत भरलेली असते. रावणाचीं तोंडें ओळीनें जोडलेलीं असल्यामुळें मुखवटा नाचणाराच्या खांद्यांबाहेर जातो. त्याला स्वतःला समोरचें धड दिसत नाहीं आणि सारा भार मानेवर येतो. तो डुलतो तो कांहींसा कलेमुळें आणि कांहींसा त्या भारामुळें. पाहणाराला मात्र एवढेंच दिसतें कीं, कांहीं तरी माणसाहून मोठें, माणसाहून जड, आपल्याकडे येत आहे.

आतां हा रावण कोण, हें सगळ्या गांवाला ठाऊक असतें. सोंगाचा मान पुष्कळ ठिकाणीं घराण्यांत चालत आलेला असतो. कोठें कोठें तो लिलावानेंही देतात. दुपारीं ज्यानें बैल पाण्यावर नेले, तोच रात्रीं लंकाधिपति झाला आहे हें पांच वर्षांच्या पोरालाही समजतें. तरीही रावण अंगावर आला कीं तें पोर आईला बिलगतें. गुपित फुटल्यानें चमत्काराची गोडी जाते, हा समज येथें खोटा ठरतो. आपल्या शेजारचा ओळखीचा मनुष्य एवढा प्रचंड होऊं शकतो, याचेंच तर त्या पोराला नवल वाटत असतें.

बोहाडा नाशिक जिल्ह्याच्या डोंगरपट्टींतही होतो, आणि त्याच जिल्ह्यांत, त्र्यंबकेश्वरीं, ३० एप्रिल १८७० रोजीं धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. ते जादूचे प्रयोगही करीत असत, ही गोष्ट त्या मानानें कमी सांगितली जाते. आपलें आडनांव उलटें फिरवून ‘प्रोफेसर केल्फा’ या नांवानें ते रंगमंचावर येत. समोरचे लोक युक्ति आहे हें जाणूनच येतात आणि तरी डोळे विस्फारून पाहतात, ही गोष्ट जादूगाराला कोणी शिकवावी लागत नाहीं. फाळक्यांनीं १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि त्याच वर्षीं ‘मोहिनी भस्मासुर’. १९१७ च्या ‘लंकादहना’नें तर लोकांना वेड लावलें. हनुमंताच्या शेपटीनें पेटलेली लंका पाहावयास एवढी गर्दी लोटली कीं, मद्रासेंत तिकिटांच्या पैशांच्या थैल्या बैलगाडींतून न्याव्या लागल्या, असें सांगतात.

परंतु या विषयाच्या दृष्टीनें फाळक्यांचें खरें महत्त्वाचें चित्र १९१९ चें ‘कालियामर्दन’. त्यांत यमुनेच्या डोहांतला अवाढव्य सर्प आहे आणि त्याच्याशीं झुंजणारा बाळकृष्ण आहे. ही भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिनें केली. कथा सुरू होण्यापूर्वीं फाळके तिचा नुसता चेहरा पडद्यावर आणतात. ती हंसते, रुसते, रागावते. मग त्याच मुलीचा कृष्ण होतो. ज्याला सर्पाचें भय दाखवावयाचें आहे तो दिग्दर्शक, हें एक लहान मूल आहे व तें सोंग घेत आहे, असें आधींच उघड सांगून टाकतो! शहाण्या व्यापाऱ्यानें हें केलें नसतें. पण पुढें ती मुलगी कालियाच्या फणेवर उभी राहून पाण्याबाहेर येते, तेव्हां आनंद दुप्पट होतो, कारण फणेवर कोण उभें आहे हें पाहणाराला माहीत असतें. सुदैवानें हा मूकपट बव्हंशीं शिल्लक आहे, आणि ज्याला शंका असेल त्यानें तो पाहून खात्री करावी.

अमेरिकेंत २ मार्च १९३३ रोजीं ‘किंग काँग’ प्रदर्शित झाला. एंपायर स्टेट इमारतीच्या माथ्यावर चढणारा तो महाकाय वानर वस्तुतः दीड-दोन फुटांचा बाहुला होता. विलिस ओब्रायन यांनीं तो एकेका चित्रागणिक रेसभर हलवून त्याचें छायाचित्र घेतलें. पडद्यावर एक सेकंद भरावयास अशीं चोवीस चित्रें लागत.

जपानची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि बोहाड्याला याहून जवळची. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चांचणी केली. तिची विषारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि तिच्यावरील तेवीसही माणसें आजारी झालीं. हिरोशिमा व नागासाकी होऊन जेमतेम नऊ वर्षें झालीं होतीं. त्याच वर्षीं ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. बाँबनें जागा केलेला एक पुराणकालीन प्राणी समुद्रांतून वर येतो आणि टोकियो तुडवीत जातो. एकेका चित्राची करामत करावयास वेळ व पैसा नव्हता, म्हणून एजी त्सुबुराया यांनीं रबराचा पोशाख करून त्यांत हारुओ नाकाजिमा या नटाला उभें केलें. पोशाख सुमारें शंभर किलो वजनाचा. आंत दिव्यांची आंच अशी कीं नटाला घेरी यावी. पहिला पोशाख घालून त्याला धड चालतांही येईना. पण त्या अडखळत्या, कष्टाच्या पावलांनींच गोजिराला वजन आलें. छायाचित्रण अधिक वेगानें करून पडद्यावर तें संथ केलें, एवढीच त्यांत यंत्राची भर. आंतला माणूस घामानें निथळत होता, आणि भाजून निघालेलें एक शहर आपलें दुःख त्या रबरी देहांत पाहत होतें.

१९९३ च्या ‘जुरासिक पार्क’नें संगणकाचें युग आणलें. पुढील वर्षीं हा चित्रपट हिंदी बोलूं लागला आणि इंग्रजी न समजणारा भारतीय प्रेक्षकही त्या डायनोसॉरपुढें येऊन बसला. तथापि त्यांतही पूर्ण आकाराचा यांत्रिक प्राणी बनविलेला होता, आणि पावसांत तो मोटारीवर वाकतो तेव्हां त्याचें ओझें जाणवतें. त्यानंतरच्या पुष्कळ चित्रपटांत सारेंच संगणकावर रेखाटलेलें असतें. शहरामागून शहर कोसळतें, कोणाची मान दुखत नाहीं, आणि प्रेक्षक खाऊच्या पुड्यांत हात घालीत बसतो. आकार वाढत गेला, पण भार नाहींसा झाला. यांत संगणकाचा दोष थोडा. युक्ति उघडी करून दाखविण्याचें फाळक्यांचें धैर्य मात्र दुर्मिळ झालें.

सह्याद्रींतल्या राक्षसाची अडचण अगदीं निराळी. अकोल्याच्या या भागांतील पुष्कळ कुटुंबांना हंगामी मजुरीसाठीं गांव सोडावें लागतें. ज्या घराकडे रावणाचा मान आहे त्या घरचा तरुण बोहाड्याला परतला नाहीं, तर मुखवटा खुंटीवर राहतो. चित्रपटाची प्रत हव्या त्या गांवीं धाडतां येते. सोंगाला मात्र मान लागते, दोन्ही अर्थांनीं, आणि ती आपल्याच गांवची लागते.

तरुण परतला असेल तर शेवटच्या रात्रीं खेळ पहांटेपर्यंत चालतो. महिषासुर येतो, देवी येते, संबळ घुमूं लागतो, आणि उजाडतां उजाडतां राक्षस पडतो. मग दोघे तिघे मिळून त्याचा मुखवटा उतरवितात. आंतून घामाघूम झालेला एक मनुष्य बाहेर येतो, मान चोळतो, आणि तांब्याभर पाणी मागतो.