भांड्यांवरची नावे

(सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तम्मूज महिना लागला की आपल्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो. शाळा बंद, आईवडील कामावर, बाहेर रणरणते ऊन आणि घरात नातवंडे. कोकणात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे एप्रिल-मे. अलिबाग, पेण, रेवदंडा येथले आजोळ, आंबे, विहिरीचे पाणी. पहिल्या पावसाबरोबर ती सुट्टी संपत असे. येथे जुलै-ऑगस्ट सगळे कोरडे जातात आणि आजोळ म्हणजे चौथ्या मजल्यावरची सदनिका. मुलांना न्यावे तरी कोठे? समितीने मला या विषयावर बोलावयास सांगितले, कारण निवृत्तीनंतरचे बरेच उन्हाळे मी या देशातील संग्रहालये आणि वारसास्थळे पाहण्यात घालवले आहेत.

मी इतिहासाची अभ्यासक नव्हे. मुंबईत परिचारिकेची पदविका घेतली आणि आयुष्यभर वॉर्डात काम केले. परिचर्येचा एक नियम मात्र इतिहासालाही लागू पडतो, असे मला वाटते. केसपेपरवर ज्याची नोंद नाही, ते केलेच नाही असे धरतात. औषध दिले, जखम धुतली, रात्रभर उशाशी बसलो. पण लिहिले नाही, तर पुढच्या पाळीच्या नर्सला ते कळावे कसे? संग्रहालय हा माझ्या दृष्टीने एका गावाचा, एका समाजाचा केसपेपर आहे. तेथे गेल्यावर वस्तू किती सुंदर आहे यापेक्षा तिच्याखालची पाटी कोणी लिहिली आणि त्याला ते कसे कळले, हे मी आधी पाहते. आज तीन स्थळे सांगते आणि मग आपल्याच घरात येते.

पहिले स्थळ जवळचे आहे. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे रामला आणि लोद येथे राहतात. रामल्याच्या बाजारात आपण भाजीला जातो, परंतु तेथून थोड्याच अंतरावर जमिनीखाली जवळजवळ साडेबाराशे वर्षांचा जुना पाण्याचा साठा आहे, हे मुलांना ठाऊक नसते. त्याला कमानींचा तलाव म्हणतात. आपल्याकडच्या बारवेत उतरावे तशा पायऱ्या उतरून खाली जायचे. वरचे ऊन तेथे पोचत नाही. कमानींच्या रांगांमधून लहान होड्या वल्हवता येतात, त्यामुळे मुले कंटाळत नाहीत. खलीफा हारून अल-रशीद याच्या काळात, इ. स. ७८९ मध्ये, हा तलाव बांधला गेला. हे साल एवढ्या नेमकेपणाने सांगता येते, कारण बांधणाऱ्यांनी ते गिलाव्यावर कुफी लिपीत लिहून ठेवले. ती एक ओळ नसती, तर जाणकारांनाही कमानींच्या घाटावरून अंदाजच बांधावा लागला असता. शहरातला १३१८ सालचा पांढरा मनोराही पाहण्यासारखा आहे, पण तो उघड्यावर आहे. म्हणून मनोरा सकाळी नऊच्या आत आणि तलाव त्यानंतर, असा क्रम ठेवावा.

नर्स या नात्याने दोन शब्द येथेच सांगते. तहान लागण्याची वाट पाहू नये. मुलांना आणि वृद्धांना थोड्या थोड्या वेळाने पाणी द्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कडक उन्हाच्या दिवसांत किती पाणी घ्यावे आणि गोळ्या कशा घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारूनच निघावे. कोणी उन्हात असंबद्ध बोलू लागले, तर ते थकव्याचे लक्षण मानून घरी नेऊ नये. त्यास ताबडतोब सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरे स्थळ यरुशलेममधील तल्बिये भागात आहे. उंच दगडी भिंतीच्या आत झाडांनी वेढलेली एक देखणी इमारत आहे. तिला आता हान्सेन गृह म्हणतात. आत कला आणि अभिकल्पाचे केंद्र आहे. ही वास्तू १८८७ मध्ये कुष्ठरुग्णालय म्हणून उभी राहिली. रचना कोन्राड शिक या वास्तुविशारदाची, व्यवस्था मोरावियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची. आवारात पाण्याची टाकी, भाजीचा मळा, गुरेढोरे. बाहेरच्या जगाकडे शक्यतो काही मागावे लागू नये अशी ती योजना होती. मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू अशा सर्व धर्मांचे रुग्ण तेथे राहत. १९५० नंतर ते सरकारी रुग्णालय झाले आणि ज्यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला, त्या नॉर्वेच्या डॉक्टर हान्सेन यांचे नाव त्यास देण्यात आले.

तेथे रुग्णालयाच्या इतिहासाचे एक कायमचे प्रदर्शन आहे. मी त्या दालनात बराच वेळ उभी राहिले. मुंबईत शिकत असताना बाह्यरुग्ण विभागात आम्हांला त्वचेवरचा बधिर चट्टा ओळखावयास शिकवले होते. कापसाचा बोळा फिरवायचा. डोळे मिटलेल्या रुग्णास स्पर्श कळत नाही. तो क्षण मी अनेकदा पाहिला आहे. औषध होते, १९४० च्या दशकापासून डॅप्सोन मिळू लागले होते. पण ‘महारोग’ हा शब्द कानी पडताच रुग्णासोबत आलेले नातेवाईक दोन पावले मागे सरत. शरीराआधी नाव तुटे.

आपण दर वर्षी ताझरिया आणि मेत्सोरा हे पराशे वाचतो. मराठी भाषांतरात ‘महारोग’ म्हटलेली ती व्याधी आणि आजचा कुष्ठरोग एकच नव्हेत. तोरेत तर वस्त्रांना आणि घरांच्या भिंतींनाही ती होते. पण एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. मिर्यामला सात दिवस छावणीबाहेर ठेवले, तेव्हा ती परत येईपर्यंत सबंध लोकांनी मुक्काम हलवला नाही. छावणीबाहेरच्या माणसाचीही नोंद ठेवायची, त्याला मागे टाकून पुढे जायचे नाही, हा धडा मला त्या भिंतीआड पुन्हा वाचावयास मिळाला.

मुंबईत वडाळ्याला १८९० पासून ॲकवर्थ कुष्ठरुग्णालय आहे. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते एच. ए. ॲकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. याच गृहस्थांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. गोंधळ्यांच्या तोंडी असलेले ते पोवाडे कोणी लिहून घेतले नसते, तर त्यांतले किती आज उरले असते? एका हाताने रस्त्यावरच्या रोग्यांसाठी छप्पर आणि दुसऱ्या हाताने तोंडी परंपरेसाठी वही. मला ही दोन्ही कामे एकाच जातीची वाटतात.

तिसरे स्थळ मोठे आहे, यरुशलेमचे इस्राएल संग्रहालय. संपूर्ण पाहू जाल तर मुले रडकुंडीस येतील. सरळ सिनेगॉगांच्या दालनांकडे जावे. तेथे चार ठिकाणच्या सिनेगॉगांचे अंतर्भाग आणून पुन्हा उभे केले आहेत. इटलीतील व्हित्तोरिओ व्हेनेतो, जर्मनीतील होर्बचे रंगवलेले लाकडी छत, सुरिनाममधील वाळू पसरलेल्या जमिनीचे सिनेगॉग, आणि चौथे कोचीनच्या मट्टनचेरीतील सोळाव्या शतकातील कदवुंभागम. त्याच्या कोरीव लाकडी छताखाली उभे राहिले की भारतातल्या घराच्या माजघरात आल्यासारखे वाटते.

तेथे एका मुलाने मला विचारले, “आजी, आपले कुठे आहे?” मी त्यास सांगितले, आपले अजून आपल्या जागी आहे. कोचीनचे लोक इकडे आले, तेथली प्रार्थना थांबली, म्हणून ते छत समुद्र ओलांडून आले. मुंबईचे शार हारहमीम १७९६ पासून उभे आहे. अलिबाग, पेण, पनवेल येथली आपली सिनेगॉगे उभी आहेत. ज्याची वास्तू जिवंत आहे, त्याची वास्तू संग्रहालयात नसते, आणि याचा आनंद मानावा. भारतातील तीन ज्यू समाजांवर याच संग्रहालयाने १९९५ मध्ये प्रदर्शन भरवले होते व ग्रंथही काढला होता, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

वास्तू तिकडे राहिल्या. मग इकडे काय आले? इकडे पेट्या आल्या, आणि पेट्यांतून भांडी, वह्या, छायाचित्रे व कागदपत्रे आली. आपला जो काही केसपेपर या देशात आहे, तो आपल्या कपाटांत आहे.

अशा वहीचे मोल काय असते, याचे उदाहरण आपल्याच समाजात आहे. मुंबईत १८७५ मध्ये आपल्या मुलांसाठी शाळा काढणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. छापून निघाला तो १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. लेखक तोवर हयात नव्हते. चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणीतरी सांभाळले, रद्दीत जाऊ दिले नाही. आज आपल्या चालीरीतींविषयी जो कोणी लिहितो, त्यास त्या ग्रंथाचे दार ठोठवावेच लागते. तसेच १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादाचे. तिच्यातील चित्रांत मात्सा करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. आपल्या पणज्या पेसाहाच्या तयारीत कशा दिसत असतील, हे सांगावयास आता ते चित्र पुरते.

आता भांड्यांविषयी. आपल्याकडे नवे भांडे घेतले की दुकानदाराकडूनच त्यावर नाव घालून घेण्याची रीत होती. नाव, साल, प्रसंग, देणाऱ्याचे नाते. सारे देवनागरीत, लहान लहान ठिपक्यांनी कोरलेले. संग्रहालयवाले ज्या माहितीसाठी वर्षानुवर्षे शोध घेतात, ती आपल्या वाडवडिलांनी वस्तूवरच लिहून ठेवली आहे.

माझ्या मावशीचा असा एक पितळी डबा आहे. आपल्या विवाहांच्या नोंदणीपूर्वी वंशाची चौकशी व्हावी, असे आदेश १९६२ मध्ये येथे निघाले होते, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी यरुशलेममध्ये त्याविरुद्ध धरणे धरले. ऑगस्टमध्ये क्नेसेटने जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, आणि त्यानंतर आदेशांतून आपल्या समाजाचे नाव काढले गेले. मावशी तान्हे मूल घेऊन त्या धरण्यात बसली होती. मी तेव्हा मुंबईत शाळेत होते. तिची पत्रे आई दिवाबत्तीनंतर मोठ्याने वाचून दाखवीत असे. त्या दिवसांत मुलाची पेज याच डब्यातून जात असे.

मावशी गेल्यानंतर घर आवरताना तिच्या नातीने तो डबा हातात घेतला. मुलगी हुशार, सैन्यातील सेवा नुकतीच संपवलेली. झाकणावर बोट फिरवून तिने हिब्रूत विचारले, “ही नक्षी किती छान आहे, ही फुले आहेत का?” ती फुले नव्हती. मावशीचे नाव, लग्नाचे साल आणि ‘आत्याकडून सप्रेम भेट’ एवढी अक्षरे होती. मी वाचून दाखवली तेव्हा ती खाली बसली आणि तिने मला तीच ओळ तीनदा वाचावयास लावली.

ती डबा फेकणार नव्हती. जपूनच ठेवणार होती. पण नक्षी म्हणून. डबा राहिला असता आणि धरण्यातली ती तरुण आई नाहीशी झाली असती. मराठी वाचू शकणारी आपली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. पुढची पाळी सुरू होण्याआधी नोंद करण्याचे काम आपलेच आहे.

म्हणून माझी विनंती अशी. या सुट्टीत मुलांना एकदा तरी एखाद्या संग्रहालयात न्या आणि पाटी कशी लिहितात ते दाखवा. मग घरी येऊन एक वस्तू निवडा. मुलाने हिब्रूत लिहावे, आजी-आजोबांनी सांगावे. वस्तूचे मराठी नाव काय, ती कोणाची, कोणत्या गावाहून आली, कशासाठी वापरत, आणि हे कोणी कोणत्या दिवशी सांगितले. पाच ओळी पुरेत. कोरलेल्या अक्षरांचे तिरप्या उजेडात छायाचित्र घ्या. ठिपके स्पष्ट उठतात. चिंच आणि राख लावून पितळ घासत राहू नका, चकाकी येते आणि अक्षरे जातात. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा, शाईने नको. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि जुनी पत्रे प्लॅस्टिकमध्ये बंद करून उन्हात ठेवू नका. कीर्तनाच्या वह्या असतील, तर ज्यांना चाली येतात त्यांच्याकडून गाऊन घ्या आणि तो आवाज मोबाईलवर ठेवा. चाल कागदावर उतरत नाही.

तिशा बआव झाल्यानंतर दर मंगळवारी सायंकाळी मी या सभागृहात बसेन. ज्यांच्या घरी मराठी वाचणारे कोणी उरलेले नाही, त्यांनी भांडे, पत्र, वही जे असेल ते घेऊन यावे. आपण वाचू आणि मुलांकडून लिहून घेऊ. चष्मा मी आणीन. वही तुम्ही आणा. शालोम.