मुघल लघुचित्रकलेतील आध्यात्मिक विषय

मुघल दरबाराच्या आश्रयाने सोळाव्या व सतराव्या शतकांत तयार झालेल्या लघुचित्रांत संत, संन्यासी, धर्मचर्चा, योगसाधना आणि पुराणकथा यांचे विपुल चित्रण आढळते. युद्ध, शिकार व दरबार या विषयांच्या बरोबरीने रंगविलेल्या या चित्रांतून राजसत्ता आणि वैराग्य यांच्या नात्याचा विचार मांडला गेला.

अकबराचा काळ

सजीवांचे चित्रण धर्मसंमत नाही, असा आक्षेप त्या काळी काही धर्मपंडित घेत. यावर अकबराचे मत अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदविले आहे. चित्रकार अवयव हुबेहूब रेखाटतो, परंतु त्यांत प्राण ओतू शकत नाही. म्हणून त्याला प्राणदात्या ईश्वराचे स्मरण होते, असे त्याचे सार आहे.

१५७५ मध्ये फतेहपूर सिक्री येथे इबादतखाना स्थापन झाला. १५८० मध्ये गोव्याहून आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अँटवर्प येथे छापलेले बहुभाषिक बायबल अकबराला भेट दिले. अशा ग्रंथांतील कोरीव चित्रांचा दरबारातील चित्रकारांनी अभ्यास केला. पाद्री सहभागी असलेली इबादतखान्यातील चर्चा नरसिंग या चित्रकाराने ‘अकबरनामा’च्या एका चित्रात रंगविली आहे.

महाभारताचा ‘रज्मनामा’ हा फारसी अनुवाद १५८२ मध्ये सुरू झाला. अनुवादकांपैकी बदायुनी याने हे काम नाखुशीने केले. त्याच्या जयपूर येथील सचित्र प्रतीसाठी दसवंत व बसावन यांनी काम केले. हरिवंशाच्या फारसी प्रतीतील, गोवर्धन पर्वत उचलणाऱ्या कृष्णाचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

जहांगीराचा काळ

राजपुत्र असताना सलीमने (पुढे जहांगीर) अलाहाबाद येथे ‘बहर-अल-हयात’ या ग्रंथाची सचित्र प्रत करवून घेतली. तीत योगासनांची चित्रे आहेत. १६१७ मध्ये त्याने उज्जैनजवळ गोसाई जदरूप या संन्याशाची भेट घेतली. हा प्रसंगही चित्रकारांनी रंगविला.

बिचित्र याने सुमारे १६१५ ते १६१८ या काळात काढलेले चित्र विशेष प्रसिद्ध आहे. त्यात वाळूच्या घड्याळावर बसलेला जहांगीर एका सुफी शेखाला ग्रंथ देतो. ऑटोमन सुलतान आणि इंग्लंडचा राजा पहिला जेम्स त्या शेखाच्या खाली उभे आहेत. बादशहाच्या मस्तकामागे सूर्य-चंद्रांचे भव्य प्रभामंडळ आहे. मात्र घड्याळातील वाळू सरत चालली आहे. सत्तेचे वैभव आणि आयुष्याची क्षणभंगुरता ही दोन्ही त्यात एकत्र येतात. हे चित्र सध्या वॉशिंग्टन येथे आहे.

दारा शुकोह

शाहजहानचा ज्येष्ठ पुत्र दारा शुकोह हा कादरी सुफी मियां मीर व मुल्ला शाह यांचा भक्त होता. या संतांच्या सहवासातील त्याची अनेक चित्रे उपलब्ध आहेत. त्यांत राजपुत्र नम्रपणे संतासमोर बसलेला दिसतो. त्याने १६५७ मध्ये उपनिषदांचा फारसी अनुवाद पूर्ण केला. वारसायुद्धातील पराभवानंतर १६५९ मध्ये धर्मभ्रष्टतेचा आरोप ठेवून त्याला ठार करण्यात आले. औरंगजेबाच्या कारकिर्दीत दरबारी चित्रकलेचा आश्रय हळूहळू आटला आणि अनेक चित्रकार अन्य दरबारांकडे वळले.

शैली

गोवर्धन या चित्रकाराने साधूंचे कृश देह, जटा व भस्म यांचे सूक्ष्म चित्रण केले. ही चित्रे मुख्यतः मुरक्का म्हणजे चित्रसंग्रहांत जतन केली जात. ती देवालयात पूजेसाठी नसून हाती घेऊन निवांतपणे पाहण्यासाठी होती.