तक्रार कोणाच्या नावावर?

अल क्वोज म्हटलं की आपल्या मंडळातल्या मुलांना आठवते ती अल्सरकाल अव्हेन्यूमधली कॉफी आणि चित्रांची दालनं. त्याच अल क्वोजमध्ये, गोदामं आणि गॅरेजांच्या पलीकडे, कामगारांच्या राहण्याच्या इमारती आहेत. गेलं वर्षभर माझं काम तिथे चाललंय. अशा इमारती चालवणाऱ्या एका कंपनीसाठी तक्रारी नोंदवायची संगणक प्रणाली बसवायची आहे. एसी बंद, नळाला पाणी नाही, ढेकूण झाले. आमच्या भाषेत प्रत्येक तक्रार म्हणजे एक 'तिकीट'.

जुन्या नोंदी चाळताना एक तिकीट सापडलं. एसीचं पाणी एका माणसाच्या गादीवर ठिबकत होतं. तक्रार अकरा वेळा पुढे गेली होती: देखभाल, मग खरेदी, मग इमारतीचा मालक, पुन्हा देखभाल. शेरा दर वेळी तोच, 'योग्य विभागाकडे पाठवले'. ते वाचलं आणि मला एकदम आजोबा आठवले.

आजोबा लालबागला एका खाजगी चाळीत राहायचे. त्यांच्या ट्रंकेत एक फाइल होती, मालकाला लिहिलेल्या पत्रांच्या कार्बन प्रतींची. 'सा. न. वि. वि.' पासून सुरुवात, मजकूर संडासाच्या गळक्या पाइपाचा, आणि खाली गुमास्त्याची पोच. मालकाचं उत्तर मात्र कायम तोंडी. "बारा रुपये भाडं देता, त्यात गवंड्याचा चहा तरी निघतो का?" लहानपणी आम्ही त्या फाइलची चेष्टा करायचो. यंदा तीच डोक्यात ठेवून मुंबईतल्या चाळींचा, विशेषतः सरकारी आणि पालिकेच्या घरांचा इतिहास वाचायला घेतला. प्रश्न साधा होता: भाडेकरूनं तक्रार करायची कुणाकडे, आणि तिचं पुढे व्हायचं काय?

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ साली मांडवी भागात प्लेग सापडला आणि दोन वर्षांत, १८९८ ला, इंग्रज सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, गरिबांसाठी चाळी बांधायच्या. याच त्या बीआयटी चाळी. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसएक वर्षं राहिले, हे आपल्याला माहीत असतं. मला नवीन होतं ते वेगळंच. ट्रस्टनं जागा घेतली आणि मोबदला कमी वाटला, तर मालकाला दाद मागायला कायद्यानं खास न्यायाधिकरण दिलं होतं. ज्याची खोली पाडली त्या भाडेकरूसाठी तसं काही नव्हतं. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि चाळी पालिकेच्या झाल्या.

मधल्या काळात गव्हर्नर जॉर्ज लॉईडसाहेबांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. बीडीडी चाळी त्यातल्याच. संकल्प होता ५० हजार खोल्यांचा. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, खोल्या साधारण साडेसोळा हजार. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामाईक. वरळीच्या चाळी सुरुवातीला इतक्या ओस पडल्या होत्या की १९३० च्या सत्याग्रहात सरकारनं तिथे तात्पुरता तुरुंग केला. भाडेकरू येईनात म्हणून कैदी आणले!

याच खात्याकडे बॅकबेचा समुद्र हटवून जमीन करायचं कामही होतं. त्यातली उधळपट्टी के. एफ. नरीमन यांनी चव्हाट्यावर आणली आणि १९२६ च्या चौकशी समितीपुढे खात्याच्या कारभारावर उघड आरोप केले. परिणाम? हार्वे नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांच्यावरच अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. १९२८ मध्ये नरीमन निर्दोष सुटले. चर्चगेटहून मरीन ड्राइव्हकडे जाणारा वीर नरीमन रोड त्यांच्याच नावाचा. पण विचार करा, नरीमन वकील होते, कौन्सिलात होते, तरी दोन वर्षं कोर्टात गेली. डिलाईल रोडच्या गिरणी कामगारानं तोंड उघडायचं ते कुणाच्या भरवशावर?

स्वातंत्र्यानंतर तक्रारींना दारं पुष्कळ झाली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू वाचला, पण मालकानं दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. (आजोबांचे बारा रुपये ते हेच!) इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा इमारती १९ हजारांच्या वर होत्या. १९७७ मध्ये म्हाडा आली आणि हे मंडळ तिच्यात गेलं. लोकायुक्तांचा कायदा १९७१ चा. जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन सुरू झाला. २००३ साली प्रजा फाउंडेशन आणि महापालिकेनं मिळून तक्रारी संगणकावर घेतल्या, आमच्या धंद्यातल्या माणसाला ऐकूनच बरं वाटावं अशी गोष्ट. २०१५ पासून 'आपले सरकार'वर २१ दिवसांची मुदत आली. प्रत्येक पायरीवर तक्रार करणं सोपं होत गेलं, हे मान्यच करायला हवं. पण दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न दर वेळी नव्या खात्याच्या टेबलावर सरकत राहिला.

मालक वेगळा आणि दुरुस्ती करणारा वेगळा, म्हणून हे होतं असं मला वाटायचं. डॉकयार्ड रोडनं तो समज मोडला. २७ सप्टेंबर २०१३, शुक्रवार. पहाटे माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसं गेली. इमारत महापालिकेची. राहणारे बहुतेक महापालिकेच्या बाजार खात्याचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. दुरुस्ती ठरवणारे अभियंतेही महापालिकेचेच. तळमजल्यावर भाड्यानं दिलेलं एका डेकोरेटरचं गोदाम होतं, तिथल्या फेरफारांवर नंतर चौकशीचा रोख राहिला. इमारतीला दुरुस्ती हवी, हे आधीच कागदावर आलं होतं. म्हणजे कागद हरवला नव्हता. तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, एकाच मालकाच्या घरात, फिरत होता. इमारत जेमतेम तीस-पस्तीस वर्षांची होती. ती बातमी मी इथे दुबईत टीव्हीवर पाहिली होती, आणि चॅनेल बदललं होतं. आता त्याची लाज वाटते.

तिकडे वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनी का होईना.

दुबईत २००७ च्या कायद्यानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर देखभाल घरमालकाची, आणि भाड्याच्या तंट्यांसाठी २०१३ पासून स्वतंत्र केंद्र आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरात गळती झाली तर आपण तिथे जाऊ शकतो. अल क्वोजच्या त्या खोलीतल्या माणसाच्या हातात मात्र भाडेकरार नसतो. खोली कंपनीची, नोकरीही कंपनीची. तक्रार लिहिण्याआधी तो दोनदा विचार करतो. नायगावच्या चाळीतला कामगारही करत असेल.

आमच्या प्रणालीत मी दोन बदल मागितले. तिकीट पुढे पाठवता येईल, पण पहिल्या माणसाचं नाव त्यावरून पुसलं जाणार नाही. आणि ते बंद करायचं बटण देखभाल विभागाकडे नसेल, खोलीत राहणाऱ्याकडे असेल. बैठकीत एक साहेब म्हणाले, "मग हे लोक कधी बंदच करणार नाहीत." अर्धा तास वाद झाला. शेवटी एका इमारतीपुरतं, तीन महिन्यांसाठी, मान्य झालं.

गादीवर पाणी ठिबकणारं ते तिकीट नव्या प्रणालीत मी स्वतः घातलं. चौथ्या दिवशी पाइप बदलला. पण तिकीट उघडंच राहिलं. साहेबांचा फोन आला, "बघा, मी सांगितलं होतं." संध्याकाळी मी खोलीवर गेलो. माणूस साताऱ्याकडचा निघाला. म्हणाला, "दादा, पाइप झाला. पण गादी अजून ओलीच आहे, ती कोण देणार?"

गादीचं वेगळं तिकीट टाकलंय. ते अजून माझ्या नावावर आहे.