साराएव्होची गोळी आणि आपल्या पलटणी

२८ जून १९१४ ला साराएव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. हे निमित्त, खरी कारणं म्हणजे साम्राज्यांची चढाओढ, शस्त्रस्पर्धा आणि एकमेकांत अडकलेले करार. ४ ऑगस्टला ब्रिटन उतरलं आणि भारताला न विचारताच आपले जवानही ओढले गेले. मेसोपोटेमियातल्या कुत इथे १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजारांचं सैन्य तुर्कांना शरण गेलं. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. हजारो जण कैदेतच गेले.

१९२२ च्या फेररचनेत या पलटणींचं प्रशिक्षण केंद्र बेळगावला आलं, ते आजही आहे. तिकडे उस्मानी साम्राज्य मोडून जेत्यांनी नव्या सरहद्दी आखल्या. त्यांचे वाद अजून धुमसताहेत. रेघ दुसऱ्यानं ओढली की काय होतं, हे सीमाभागाला वेगळं सांगायला नको.